भोंगाकाकांचं मुकं पात्र

आमच्या शेजारच्या भोंगाकाकांनी बसस्थानकावर एकतीस वर्षं गाड्या पुकारल्या. भोंगा हे नाव त्यांना काकूंनीच ठेवलं. घरी पाणी मागितलं तरी वाटायचं, पाणी फलाट चारवर लागलंय.

मागच्या महिन्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. नाही काढलं तर फार तर वर्ष. काका संमतीपत्रावर सही करत नव्हते.

आम्ही तिघं रविवारी दुपारी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत एक खेळ खेळतो. चष्मेवाला, औषधाच्या दुकानातली ताई आणि मी. खेळणारा प्रत्येक जण एक पात्र घेतो. मी सूत्रधार. समोर काय आहे ते मी सांगतो, काय करायचं ते खेळाडू सांगतात, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. काका याला बिनकामाच्या पोरांचे उद्योग म्हणायचे. एक दिवस म्हणाले, मलाही घे.

नवख्याला मी सोपं पात्र सुचवतो. म्हटलं, गवई घ्या, आवाज तयारच आहे. त्यांनी कागदावर लिहिलं, हमाल. ताकद भरपूर. मुका.

"काका, हा खेळ सगळा बोलण्याचा आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले.

मग अटी सांगितल्या. त्या दोघांना आजाराबद्दल सांगायचं नाही. काका स्वतः लिहून दाखवणार नाहीत. जिवावर बेततं तेव्हा कोणी पेन शोधत बसत नाही. आणि मी कसलीही सवलत द्यायची नाही. खुणांवर निभावलं, तर घरी जाऊन सही.

दोन रविवार बरे गेले. हमालाने ओझी वाहिली, दार खांद्याने पाडलं, मान हलवली. ताई म्हणाली, घरचे पुरुष असे असते तर.

तिसऱ्या रविवारी त्या दोघांची पात्रं बोगद्याच्या तोंडाशी होती. हमाल मागे, चढावर. मी काकांना चिठ्ठी दिली: वरचा बांध फुटलाय, पाणी येतंय. वाळूचं घड्याळ उलटं केलं. तीन मिनिटं.

काका उभे राहिले. हात गुडघ्यापासून गळ्यापर्यंत नेला. पुन्हा नेला.

"ताप चढलाय," ताई म्हणाली.

"भाव चढलेत," चष्मेवाला म्हणाला.

काकांनी दोन्ही हातांनी त्यांना मागे ढकलल्यासारखं केलं. ती म्हणाली, पुढे जा म्हणतायत. काकांनी टेबलावर थाप मारली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. ते दोघं हसून हसून बेजार झाले होते. हसता हसताच म्हणाले, आम्ही आत जातो.

वाळू संपली. मी सांगितलं, पाणी आलं. दोघंही बुडाले.

"अहो काका," ताई डोळे पुसत म्हणाली, "एक शब्द बोलला असतात, तर वाचलो असतो."

काका चप्पल घालून निघाले.

मला रात्रभर झोप आली नाही. पहाटे लक्षात आलं. जमेल की नाही अशी शंका आली की सूत्रधाराने फासा टाकायला सांगायचा असतो. काकांच्या फाशावर मोठा आकडा पडला असता, तर त्या दोघांना खूण कळली, असं मी सांगितलं असतं. ती सवलत नव्हती. तो हक्क सगळ्यांचा असतो. मी त्यांना फासाच दिला नाही.

सकाळी जाऊन तेच सांगितलं. काका दाढी करत होते.

"मग आता काय, परत टाकू?"

"टाका ना."

"आणि दुकानात, रस्त्यावर? तिथे कोण म्हणणार आहे, काका, फासा टाका?"

त्यांनी ब्लेड धुतलं, पुसलं, कागदात गुंडाळलं. संमतीपत्राचं पुन्हा काढू नकोस, म्हणाले. ऑपरेशनची तारीख होती बुधवारी. बुधवार गेला.

काकू मला जिन्यात गाठतात. विचारतात, तू बोलून बघितलंस का त्यांच्याशी.

बघितलं, म्हणतो.