कंट्रोलर काकांचं फ्रान्स

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. कंट्रोलर काकांच्या चिकनचं पहिलं खोटं कौतुक मी केलं. बाकी गल्लीनं नुसती माझी री ओढली.

काका चिखलीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सगळी नोकरी गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्तीनंतर मोबाइलवर परदेशी स्वयंपाक बघायचं वेड लागलं आणि दर रविवारी ते एकेका देशाचं चिकन करू लागले. आम्ही शेजारी त्यांच्या अंगणात ताटं घेऊन बसलो, की पातेल्यावर पळी आपटून ते त्याच जुन्या आवाजात पुकारायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. मेक्सिकोकडे जाणारी कोंबडी ताटावर लागत आहे."

घोषणा झकास असे. कोंबडी मात्र मुक्कामी पोचत नसे. इटलीत सॉसची अख्खी बाटली रिकामी झाली. थायलंडला नारळाचं दूध मिळालं नाही, म्हणून म्हशीच्या दुधात खोबऱ्याचा कीस पडला. जपानात मीठच नव्हतं.

"तिकडं कमीच खातेत," काका म्हणाले.

आम्हीही कमीच खाल्लं.

"कसं झालं बे?" त्यांनी पहिल्याच रविवारी मला विचारलं होतं. मी डोळे मिटून मान डोलावली. "काका, विमानात बसल्यासारखं वाटून राह्यलं." विमानात मी आजवर बसलेलो नाही.

खरं जेवण त्यानंतर, आमच्या घरी व्हायचं. बायको लाल तर्रीचा रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी करून ठेवायची. शेजारी एकेक करून मागच्या दारानं यायचे. "मेक्सिकोले जाऊन आलो बे, पन उपाशीच आलो!" असं म्हणत ताट पुढे करायचे. वाढणारा मी, हसवणाराही मीच.

मग काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. जानेफळचे व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार होते. काका माझ्याकडे आले.

"लेकीच्या सासरचे हायेत. मानाचं जेवन हाय. खरं सांग, आपला रस्सा करू का फ्रान्स?"

रस्सा म्हणालो असतो, तर इतक्या रविवारांचा खुलासा करावा लागला असता.

"फ्रान्सच करा," मी म्हणालो. "माह्या बायकोलेबी लय आवडते. अन् जानेफळात फ्रान्स कोन खाऊ घालते?"

फ्रान्स पांढरं होतं. व्याह्यांनी एक तुकडा ताटात बराच वेळ इकडून तिकडे केला आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "काऊन हो, घरात कोनी बिमार हाय का?"

काकांची अब्रू आता आपणच वाचवायची, असं माझ्या मनानं घेतलं. पान खायला म्हणून व्याह्यांना मी आमच्याकडे नेलं. गल्ली तिथे आधीच जमली होती. व्याही दुसऱ्या भाकरीवर असताना मागच्या दारात काका उभे राहिले. हातात पातेलं होतं.

"तुह्या बायकोले फ्रान्स लय आवडते, असं तूच सांगतलं होतं," ते म्हणाले. मग त्यांना तर्रीनं माखलेली सगळ्यांची बोटं दिसली.

व्याह्यांना कशाचीच कल्पना नव्हती. "या, बसा! तुमच्या गल्लीत रस्सा लय भारी हाय हो!"

"हाव," काका म्हणाले. "गल्ली चांगलीच हाय." त्यांनी पातेलं कोपऱ्यात ठेवलं आणि भाकरीची टोपली उचलून व्याह्यांना स्वतः आग्रह करू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

लग्न रीतसर पार पडलं. रविवार मात्र बंद झाले. सुटलो, असं सगळे म्हणाले. पण परदेश बंद झाल्यावर आमच्या रश्श्यालाही कोणी येईना. काका रस्त्यात भेटले की माझ्याशी उन्हाबद्दल बोलत आणि निघून जात.

शेवटी गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. ते ओट्यावर एकटेच बसले होते.

"काका, जपान मले आवडलं नव्हतं. इटलीबी नाही."

"अन् फ्रान्स?"

"ते तं नाहीच. पन तुमच्या अंगनात बसाले आवडत होतं, म्हनून खोटं बोललो. वरून तुमच्या मांगं सगळ्यायले हसवलं. माफ करा मले."

काकांनी शेजारचा तांब्या ओट्यावर आपटला आणि त्याच जुन्या आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, फ्रान्सकडे जाणारी कोंबडी रद्द झाली असून पुढच्या रविवारी रस्सा ताटावर लागेल."