फक्कीचं घर

भिंती नसलेल्या घराला रोज संध्याकाळी कुलूप लावून, ते दोनदा ओढून बघून, मगच स्कूटरला किक मारणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात शोधलात तर एकच सापडेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो. गाव त्यांना सर म्हणतं, कारण जन्मभर ते एका शाळेत पी.टी. शिकवत होते. निवृत्त होताना शाळेनं त्यांना शाल आणि नारळ दिला. शाळेची शिट्टी मात्र त्यांनी काही परत केली नाही, ती अजून गळ्यातच असते. लग्नकार्यात रेंगाळलेली पंगत उठवायलासुद्धा ते ती वाजवतात, आणि नवल म्हणजे पंगत उठते. एकदा मुंजीत वाजवली तर भटजीच उठले होते, त्यांना परत बसवताना पुरेवाट झाली.

दाजी आणि अक्का, म्हणजे माझी मेहुणी, दोघांचा सगळा संसार साखर पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. निवृत्तीनंतर दाजींनी जुळे सोलापूरच्या पलीकडं एक प्लॉट घेतला. अक्काचं मागणं एकच होतं. दिवाळीची पणती एकदा तरी स्वतःच्या उंबऱ्यावर लावायची, घरमालकाच्या नाही. आता यात अवघड काय? इंजिनिअर गाठला, त्यानं कॉम्प्युटरवर छान रंगीत नकाशा काढून आणला. हॉल, किचन, एक मोठी बेडरूम, आणि कोपऱ्यात लिहिलेलं ‘चिल्ड्रन बेडरूम’. त्यात एक छोटा पलंग काढलेला, पलंगाशेजारी चेंडू. दाजी-अक्कांना मूलबाळ नाही. इंजिनिअर बिचारा ओशाळला, म्हणाला, ते सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येतं सर, नाव खोडून देतो. दाजी म्हणाले, “नाव खोडशील बाबा, खोली राहते की.” अक्कानं कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली आणि कप उचलून आत गेली.

खरी गोम तिथंच होती. दोनच खोल्या बांधाव्यात तर पाहुणेरावळे म्हणणार, बरोबर आहे, दोघांना लागतंय किती. तीन बांधाव्यात तर विचारणार, तिसरी कुणाची? दोन्हीकडून अक्कालाच ऐकून घ्यावं लागणार, आणि उभा जन्म तिनं तेवढंच ऐकलेलं. त्यात दाजींची एक आत्या वैरागला असते. तिच्या तोंडाला दार नाही की कडी नाही. म्हणून दाजींनी ठरवलं, नकाशा आपणच करायचा, आणि असा करायचा की कुणाला प्रश्नच पडू नये. “कागदावर घर कळत नसतंय पावणं,” ते मला म्हणाले. “मैदानावर आखलं की कळतंय.”

आणि त्यांनी खरंच आखलं. खो-खोचं मैदान आखायला लागते ती पांढरी फक्की पोत्यानं आणली, दोरी आणली, खुंट्या आणल्या, आणि एका रविवारी प्लॉटवर अख्खं घर जमिनीवर उमटलं. जुन्या बाजारातून एक सागवानी दार चौकटीसकट आणून, बांबूच्या टेकूवर पुढच्या बाजूला उभं केलं. चौकटीला सायकलची घंटी ठोकली. मग आम्हाला चहाला बोलावलं. दाजी समोर दहा पावलांवर बसलेले दिसत होते, म्हणून मी आपला सरळ चालत त्यांच्याकडं गेलो, तर कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजली. “भिंतीतून आलाव तुमी,” दाजी म्हणाले. मी मुकाट्यानं मागं फिरलो, दाराशी गेलो, घंटी वाजवली. दाजींनी येऊन आतून कडी काढली आणि चेहऱ्यावर नव्यानं हसू आणून म्हणाले, “या या. घर सापडलं का लगेच?” आता बोला.

ऊन मी म्हणत होतं. प्लॉटच्या कडेला एक कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत मी सतरंजी ओढली तर दाजी म्हणाले, “तितं नका बसू.” म्हटलं, का, सावली आहे की. म्हणाले, “संडास हाय तो.” मी उठायला लागलो तसं त्यांनीच खांद्यावर हात ठेवला. “बसलाच हाव तर बसा. कडी तेवढी लावा.” माझी बायको पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि तीही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणं, कपाटात उभी होती. तिकडं अक्कानं फक्कीच्या स्वयंपाकघरात स्टोव्हवर चहा केला. हात लांब केला असता तर कप माझ्या हातात आला असता. पण मधे भिंत. त्यामुळं ती बिचारी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये, हॉलमधून बोळात, अशी फिरत फिरत आली आणि चहा पार निवला. “अहो, जन्मभर मी ही प्रदक्षिणा घालू का?” ती म्हणाली. दाजींनी जागेवरच पायानं भिंत पुसून तिथं खिडकी केली. घराची इतकी झटपट दुरुस्ती फक्कीतच होऊ शकते.

असे किती रविवार गेले, कोण जाणे. बाकी घर ठरत आलं, तिसरी खोली काही ठरेना. ती नसावी म्हटलं तर एवढ्या मोठ्या प्लॉटवर घर उघडंबोडकं दिसे, असावी म्हटलं तर तिला नाव काय द्यायचं? आधी ती पाण्याची खोली झाली. सोलापुरात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, त्यामुळं ते पटण्यासारखं होतं, पण अक्का म्हणाली, पाण्यासाठी खोली आणि माणसांना बोळ, असं घर मला नको. मग पाहुण्यांची खोली झाली. तिथं राहायला कोण येईल याचा विचार दोघांनी एकदमच केला असावा, कारण वैरागच्या आत्याचं नाव निघायच्या आत दाजींनी ती पुसली. मग झालं कोपभवन. त्यामागं दाजींचा मोठा सिद्धांत होता. “दोघांच्या घराची अडचण तुमाला नाही कळायची,” ते मला म्हणाले. “तुमच्यात भांडण झालं की मधे पोरगी असते. जा, पप्पांना सांग, ताट वाढलंय. आमच्यात निरोप्या कोण? एकदा अबोला धरला की धरला. म्हणून रुसायला वेगळी खोली पाहिजे, आणि मधे निरोपाला झरोका.” हे सांगताना ते इतके गंभीर होते की मला हसावं की काय करावं कळेना.

कोपभवनाची चाचणीही झाली. शेंगाचटणीची बरणी घरी विसरण्यावरून दोघांचं खरोखरच वाजलं, आणि अक्का फणकाऱ्यानं जाऊन कोपभवनात बसली. दाजी हॉलमध्ये पाठ फिरवून बसले. दोघांच्या मधे एक पांढरी रेघ, आणि समोर सगळा रस्ता. भाजीवाला हातगाडी थांबवून बघायला लागला. दाजींनी थोड्या वेळानं अगदी हळू शिट्टी वाजवली आणि झरोक्यातून कांदाभज्यांची ताटली पलीकडं सरकवली. अक्कानं ताटलीकडं पाहिलं, भाजीवाल्याकडं पाहिलं, आणि तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. “इथं रुसता येत नाही, रस्ता दिसतो,” ती म्हणाली. झालं, कोपभवनही पुसलं आणि दाजींनी तिथं बिननावाचीच खोली आखून ठेवली.

एवढ्यात नवीनच भानगड उपटली. रोज सकाळी दाजींनी कुलूप उघडून आत जावं तर हॉल जागेवर, स्वयंपाकघर जागेवर, आणि तिसरी खोली तेवढी गायब. नुसते अनवाणी पायांचे ठसे. कॉलनीतली पोरं संध्याकाळी शिरून तिथं कबड्डी खेळत होती. दाजी संतापले. “कुलूप असताना आत आलेच कसे?” हा त्यांचा सवाल मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. एके दिवशी ते दारामागं दबा धरून बसले, सोबतीला मला बसवलं. पोरं आली, डाव मांडला, आणि दाजी शिट्टी फुंकत बाहेर पडले. पोरं जागच्या जागी थिजली. मला वाटलं, आता एकेकाचा कान पिळणार. दाजी म्हणाले, “मधली रेघ कुटंय रे? मधल्या रेघेबिगर कबड्डी खेळायलाय? कुठल्या मास्तरनं शिकवलं?” आणि फक्कीचा डबा घेऊन त्यांनी स्वतः मधली रेघ मारली, बोनसची मारली, चड्ड्या वर ओढून सगळ्यांना दोन बाजूंना उभं केलं. मी दारामागंच राहिलो. माझी आठवणसुद्धा झाली नाही कुणाला.

तेव्हापासून तिसरी खोली वाढायला लागली. दर रविवारी ती थोडी लांब, थोडी रुंद होई आणि हॉल तेवढा आवळे. शेवटी तर हॉलमध्ये आडवंच बसावं लागेल अशी वेळ आली. अक्काच्या स्वयंपाकघरात आता पाण्याचा माठ आला होता आणि फुटलेल्या गुडघ्यांसाठी हळदीची डबी. गवंडी दोनदा येऊन विचारून गेला की पाया कधी खणायचा. दाजी त्याला म्हणत, थांब की, खोली ठरू दे. थांबता थांबता दिवाळी आली. अक्कानं पणती नेऊन त्या उभ्या चौकटीच्या उंबऱ्यावर लावली. मागं भिंत नाही, वारा मोकळा, पणती विझली. तिनं परत लावली, परत विझली. दाजींनी दोन्ही हातांचा आडोसा केला, आम्ही सगळे वाकून उभे राहिलो, तरी टिकेना. अक्का म्हणाली, “राहू द्या.” तिच्या त्या दोन शब्दांनी मला वाईट वाटलं. इतके रविवार आम्ही नुसते हसत होतो.

भाऊबीज झाली आणि वैरागची आत्या एसटीनं येऊन थडकली. तिला प्लॉटवर आणलं. आधी ती भिंतीतून आली, शिट्टी खाऊन परत गेली, दारातून आली. मग बोट दाखवत फिरायला लागली. “ह्यो हाल व्हय? लईच बारका की. ह्ये सैपाकघर. ही तुमची निजायची.” आणि ती थांबली. “आन् ही येवढी थोरली कुनाची रं?” दाजींनी शिट्टी तोंडाशी नेली, पण ती वाजेना. “ती... व्यायामाची...” असं काहीतरी ते पुटपुटले. तेवढ्यात अक्का स्वयंपाकघराच्या दारातून रीतसर बाहेर आली. हातात हळदीची डबी होती.

“पोरांची आहे, आत्या,” ती म्हणाली.

“कुनाच्या पोरांची?”

“बसा की संध्याकाळपर्यंत. दाखवते.” मग ती दाजींकडं वळली. “अहो, ही खोली बांधायची नाही. हिला भिंत नको, छप्पर नको, ही अशीच राहू द्या. बाकीच्या भिंती उद्यापासून चढवा. पुढच्या दिवाळीला माझी पणती विझता कामा नये.” दाजी नुसतं “व्हय” म्हणाले. आत्या संध्याकाळपर्यंत खरंच बसली, आणि अंधार पडायच्या सुमारास “आरं त्यो बाद हाय की, रेघंवर पाय हाय त्येचा” म्हणून दाजींशीच हमरीतुमरीवर आली होती.

घर झालं. हॉल पुन्हा रुंद झाला, दार तेच, घंटी सायकलचीच. पुढच्या दिवाळीला अक्काची पणती रात्रभर तेवली. बाजूला तिसरी खोली अजून फक्कीचीच आहे. पोरं संध्याकाळी ती पुसतात आणि दाजी सकाळी ती आखतात.

परवा मे महिन्यात आम्ही गेलो होतो. कॉलनी ओस पडलेली. पोरं सुट्टीला कुणी बार्शीला, कुणी मंगळवेढ्याला मामाकडं गेलेली. बाजूला पाहिलं तर रेघा ताज्या, पांढऱ्याशुभ्र, एकही पाय न पडलेल्या. न राहवून म्हटलं, दाजी, खेळायला कुणी नाही, उन्हातान्हात रोज कशाला आखत बसता? दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी भिंतीतून आलोय. “खोली हाय ती,” ते म्हणाले. “पोरं गावाला गेली म्हणून काय पाडून ठेवायची?” आतून अक्का म्हणाली, माठात पाणी भरायचं राहिलंय, तेवढं भरा. दाजी उठले आणि माठ भरायला गेले.

निघताना गाडी पलीकडच्या कडेला लावलेली होती. सरळ गेलो असतो तर चार पावलांत पोचलो असतो. पण माझं मलाच कसंतरी झालं, आणि मी त्या खोलीला बाहेरून वळसा घालून गेलो. मागून शिट्टी आली नाही. वळून पाहिलं तर दोघं पायरीवर बसली होती, माठ शेजारी भरून ठेवलेला, आणि दाजी अक्काला बोटांवर मोजून सांगत होते की शाळा कधी उघडणार.