अक्षरांचे देणगीदार

शिरूरमध्ये आम्ही दोघी मिळून सॉफ्टवेअरचा धंदा करतो. मी गिऱ्हाईक आणते आणि भांडते. माझी भागीदार काम करते आणि गप्प बसते. दौंड तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं काम मिळालं तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. हे काम नीट पार पडलं तर आसपासच्या गावांची कामं आपोआप चालून येणार होती.

संस्थेच्या मशीनवर फॅटचे आणि लिटरचे आकडे इतके बारीक दिसायचे की म्हातारी माणसं ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. भागीदारणीनं इंटरनेटवरचा एक मोकळा फॉन्ट घेतला आणि त्यातला एकेक आकडा जाड, ठसठशीत केला. असा फॉन्ट फुकट मिळाला तरी त्याला अटी असतात. बनवणाऱ्यांची नावं आणि परवाना सॉफ्टवेअरसोबत द्यायचा. या फॉन्टच्या परवान्यात आणखी होतं, की फेरफार केला तर मूळ नाव लावायचं नाही आणि बदललेला फॉन्टही सगळ्यांना तसाच मोकळा ठेवायचा. तिनं फॉन्टला नवं नाव दिलं, 'माहिती' म्हणून एक पान केलं आणि नावं, परवाना, फॉन्टची फाइल असं सगळं त्यात घातलं. मला ही नसती उठाठेव वाटली. खेड्यातल्या दूध संस्थेत हे वाचायला कोण बसलंय?

वाचलं ते चेअरमननीच. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आकडे बघून खूश झाले आणि मग त्यांनी ते पान उघडलं. संस्थेच्या हॉलमध्ये पंख्याच्या पात्यांपासून बाकड्यांपर्यंत देणगीदारांची नावं रंगवलेली आहेत. पदरचं काही दिल्याशिवाय तिथं नाव लागत नाही. या परक्या माणसांनी संस्थेला काय दिलं, असं त्यांनी विचारलं. नावं काढा, आणि हे आकडे फक्त आमच्याकडंच राहतील असं लिहून द्या, नाहीतर काम दुसऱ्याला देतो, असंही बजावलं. शेजारच्या गावातल्या संस्थेशी त्यांचा उभा दावा होता.

मी 'हो' म्हणणारच होते. तेवढ्यात आमच्या गप्प बाई बोलल्या.

"आप्पा, ह्यांनी अक्षरं दिली. हीच त्यांची देणगी. शेजारनं विरजण आणून दही लावलं, तर उद्या आपल्याकडं मागायला आलेल्याला न्हाई म्हणता येतं का?"

"दिवस मावळल्यावर न्हाई म्हनतात," आप्पा म्हणाले.

काम गेलं तरी चालेल, पण नावं निघणार नाहीत, असं तिनं शांतपणे सांगितलं. मला तिचा संताप आला आणि तितकाच अभिमानही वाटला. असं ठाम राहणं मला जन्मात जमलं नसतं. आप्पांनी बघतो म्हणत आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या त्याच संस्थेच्या चेअरमनचा फोन आला. त्यांना आमचंच सॉफ्टवेअर हवं होतं. आमचं नाव कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"आप्पांनीच की. आकड्यांचा पेन ड्राइव्ह बी त्यांनीच धाडलाय. म्हनले, आमचं काम ह्या दोघीच करत्यात, तुमी बी त्यांनाच सांगा. आन् त्या मानसांची नावं काढलीत तर गाठ माझ्याशी हाय."