झडपेतली वीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, जवळच्या मैत्रिणीलाही नाही. मी मुळातच कमी बोलते — त्यामुळे काही लपवते आहे, हे कुणाला जाणवलंही नाही.

आमची सोसायटी कर्वेनगरला, उताराच्या तळाशी. मोठा पाऊस झाला की रस्त्यावरचं गटार भरायचं आणि पाणी पाइपातून उलटं आमच्या बेसमेंटमध्ये शिरायचं. सोसायटीचे पंप, नळ वगैरे शेखकाका बघायचे. त्यांनीच कमिटीच्या मागे लागून त्या पाइपात झडप बसवून घेतली. पाणी बाहेर जाताना ती उघडते, उलटं यायला लागलं की मिटते. दोन पावसाळे बेसमेंट कोरडं राहिलं. काका कौतुकाने सगळ्यांना ती झडप दाखवायचे. मलाही दाखवली होती.

त्या सकाळी माझी स्कूटरची किल्ली झडपेवरच्या लोखंडी जाळीतून नेमकी तिथे पडली. मी जाळी उचलली, हात घातला. किल्ली झडपेखालून पलीकडे सरकली होती, आणि झडप सारखी मिटत होती. मग मी तिच्यात विटेचा तुकडा अडकवला. किल्ली मिळाली. स्कूटरने स्टॉप गाठायचा होता, हिंजवडीची कंपनीची बस चुकणार होती. जाळी बसवली आणि पळाले.

वीट काढायची विसरले म्हणू का? नाही — विसरले नव्हते. बस चांदणी चौकात असतानाच आठवलं. काकांचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन. पण सुरुवात कशी करायची, बसमधले सगळे ऐकतील... संध्याकाळी काढू, असं ठरवलं.

दुपारी पाऊस आला. संध्याकाळी बेसमेंटमध्ये कमरेएवढं पाणी होतं.

मीटिंगमध्ये काकांनी तो तुकडा टेबलावर ठेवला. "साहेब, ही वीट कुणीतरी लावलेली आहे."

"हो का? आम्हाला वाटलं, स्वतःच जिना उतरून आली," दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले. सगळे हसले. मी बाबांच्या शेजारी बसले होते. बाबा सेक्रेटरी. मी — मीसुद्धा हसले. थोडंसं.

झडप बघणं काकांचं काम, म्हणून त्यांनाच काढायचं ठरलं. पत्र इंग्रजीत हवं होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. बाबा नुसतं 'दुर्लक्ष' म्हणाले होते. 'ग्रॉस निग्लिजन्स', म्हणजे घोर निष्काळजीपणा, हे शब्द माझे. चांगलं इंग्रजी यायला हवं ना? कदाचित म्हणूनच आज हे मराठीत लिहिते आहे.

दोन दिवसांनी काका तेच पत्र घेऊन दारात उभे. घरात मी एकटीच होते.

"बेटा, यात काय लिहिलंय, जरा सांग ना."

मी पत्र हातात घेतलं. मी म्हणाले, सोसायटी आता सगळी कामं एका कंपनीला देते आहे, म्हणून तुम्हाला थांबवलं.

"माझी चूक होती, असं नाही ना लिहिलं?"

"नाही, काका."

त्यांनी पत्र परत घेतलं, नीट घडी घातली, खिशात ठेवलं. चेहरा मोकळा झाला होता. "बरं झालं. धायरीच्या एका सोसायटीत माणूस हवाय म्हणतात. आधीच्या ठिकाणचं पत्र मागितलंय. हेच दाखवतो."

मी म्हणाले, "दाखवा."