संध्याकाळच्या पिंजऱ्यातले उंदीर

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मी उंदरांची देखभाल करते. गेल्या वर्षी तिथे एक प्रयोग चालला होता. उंदरांच्या पाठीवर छोटी जखम करायची, केमोचं औषध टोचायचं आणि जखम कशी भरते ते बघायचं. अर्ध्या उंदरांना औषध सकाळी, अर्ध्यांना संध्याकाळी. सकाळचे माझ्याकडे होते, संध्याकाळचे माझ्या मैत्रिणीकडे.

तिचे भराभर बरे व्हायला लागले. माझ्या उंदरांच्या जखमा ओल्याच. "तुझ्या हाताला गुण नाही गं," ती हसून म्हणाली आणि माझा तिळपापड झाला. कारण घरी, जवळच्याच माहीम गावात, आईच्या छातीवरची ऑपरेशनची जखमही भरत नव्हती, आणि तिची केमो सकाळीच असायची.

जखमेवर पारदर्शक कागद धरून मार्करने कडा गिरवायच्या, ही आमची मोजायची रीत. तसा कागद मी घरी आणला आणि आईची जखम गिरवली. "माजा सातबारा काडतेस काय?" आई म्हणाली. आठवड्याने पुन्हा गिरवली, तर नवी रेघ जुन्या रेघेवरच बसली. त्या दिवशी मला चक्क उंदरांचा हेवा वाटला. पिंजऱ्यात खाऊनपिऊन लोळणाऱ्यांना नवी कातडी येते आणि माझ्या आईला येत नाही! नुसता जळफळाट झाला.

आईची केमो संध्याकाळी करून घ्यायचीच, असं मी ठरवलं. मैत्रिणीला सांगितलं तर ती बघतच राहिली.

"अगं, उंदीर रात्री जागतात. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. इतकी वर्षं पिंजरे साफ करतेस आणि हे विसरलीस?"

म्हणजे त्या हिशेबाने आईची वेळ बरोबरच होती. बदलायला काही उरलंच नव्हतं. मैत्रिणीचा इतका राग आला की डबा न खाताच मी उठले.

प्रयोग संपला. शेवटी कातडी तपासायला उंदरांना मारावं लागतं, बरे झालेल्यांनासुद्धा. तिचे उंदीर मीच तिला एकेक करून धरून दिले. गुळगुळीत पाठी होत्या त्यांच्या. हेवा तेव्हाही वाटतच होता.

संध्याकाळी घरी मी आईची पट्टी बदलत होते. तिने विचारलं, "तुजे उंदीर बरे झाले काय गो?"

"झाले."

"मंग मी बी होईन," ती म्हणाली, आणि मला पट्टी गुंडाळता यावी म्हणून तिने हात वर केला.