चाळीस अंगठ्यांचं भरीत

एक अंगठा म्हणजे एक माणूस, असं मी धरून चालले. कारण मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे.

जळगावात नोकरी लागल्यावर गावासाठी काहीतरी करावं म्हणून मी मोबाइलवर 'गाव-शहर' नावाचा ग्रुप काढला. पारोळ्याजवळचं आमचं गाव आणि पुण्या-नाशिकला गेलेली गावची माणसं जोडायची, एवढीच इच्छा. (इच्छा फार थोर होती. बाकी काही नव्हतं.) पहिली भेट आमच्या शेतात, भरीत पार्टीला! मी लिहिलं, "रविवारी सर्वांनी यावे." खाली चाळीस अंगठे उगवले. वीस गावचे, वीस शहरातले.

"कितला लोक येतीन?" आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

"चाळीस."

"नक्की ना? गावमा मन्हं नाक शे."

आबांच्या दारातून आजवर कुणी अर्धपोटी उठलेलं नाही. मी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. "आबा, लेखी आहे!"

"आखो पीठ मळू का?" मायनं विचारलं.

"माय, अन्न वाया घालवायचं नाही," मी तिला शिकवलं. (तिला!)

रविवारी अकराला कपाशीच्या काड्यांवर वांगी चढली आणि बांधावर ट्रॅक्टरची ट्रॉली थांबली. आत शेजारच्या शेताचे दगडूनाना, तीन मुलगे, सुना, नातवंडं, माहेरी आलेली लेक आणि लेकीची सासू!

"नाना, तुम्ही... सगळे?"

"तू बलावं ना पोरी! आमना घरमा एकच फोन शे. सकायपाईन चूल पेटाडीच नही!"

एक अंगठा म्हणजे एक चूल! मागून दुसरी ट्रॉली. मग बैलगाडी. मी मोजत मोजत शंभरावर थांबले. म्हणजे मी थांबले, माणसं येतच होती!

आणि शहरातले वीस अजून यायचे होते. मी पुण्यातल्या एकाला फोन लावला.

"कुठपर्यंत आलात?"

"कुठे?"

"भरताला! अंगठा दिला होतात ना?"

"अगं, तो 'वाचलं' म्हणून!"

मी बाकीच्यांनाही फोन लावले. विसांनीही फक्त वाचलं होतं! (न येणाऱ्या पाहुण्यांचे इतके आभार मी कधीच मानले नव्हते.) तरी शंभराला चाळिसांचं भरीत कसं पुरणार? आबा टोपल्यातल्या भाकरी पुन्हा पुन्हा मोजत होते. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

नानांनी टोपलं पाहिलं, मग आबांचा चेहरा पाहिला आणि ते सुनांवर ओरडले, "मन्हा वावरमा वांगा शेतस. तोडाले लागा बठ्ठा!"

"नाना, पाव्हनाना वावरमाईन वांगा आनानं?" आबांनी विचारलं.

"पाव्हना कोन शे आठे? तुन्ही पोर म्हनस, ग्रुप शे!"

आबा हसले आणि आणखी काड्या पेटवायला वाकले. कुणी घरून पीठ आणलं, कुणी तवे. शेवटचा माणूस तृप्त होऊन उठला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी फोटो टाकले. शहरातून लगेच वीस अंगठे आले.

पुढच्या भरताला शहरातलेही आठ जण खरोखर आले. कारण आता माय त्यांना एकेकाला फोन करून "चूल बंद ठेवजो" म्हणून बजावते आणि गावात दारोदार जाऊन आवतण देते. ग्रुप अजून माझ्याच नावावर आहे. पण घरातल्या या एकुलत्या एका पदवीधराकडे आता एकच काम उरलंय: मायचा निरोप आला की त्याखाली अंगठा द्यायचा.