दाजी जेवतील तेव्हा

"तुमची अक्का गेली," दाजी फोनवर एवढंच म्हणाले. दुपारची वेळ होती. त्याला आता सहा आठवडे झाले.

माझी थोरली बहीण सुमनअक्का पाटोद्यात राहायची. पंधरा वर्षं तिला मधुमेह होता आणि तिने तो नीट सांभाळला होता. सकाळी इन्सुलिनची सुई, मग लगेच भाकरी-भाजी. भात आणि गूळ बंद. चार वर्षांपूर्वी दाजींनी किराणा दुकान उघडणं थांबवलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. नैराश्य आहे, असं बीडच्या मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलं. शेजाऱ्यांना मात्र अक्का सांगायची, "आम्ही माझी शुगर तपासायला चाललोय." दाजींच्या आजाराला तिने स्वतःच्या आजाराचं नाव दिलं.

गोळ्यांनी दाजी उठून बसू लागले, पण जेवणाचं काही खरं नव्हतं. खाल्लाच तर दूधभात, तोही गूळ घालून, आणि एका ताटात अक्काने सोबत घेतला तरच. "तू घे, मग मी घेतो." कधी अकरा वाजत, कधी दोन. एकदा सुई टोचून उपाशी वाट पाहताना अक्काची साखर उतरली, ती घामाने भिजून ओट्यापाशी कोसळली. त्यानंतर तिने सुईच पुढे ढकलली. दाजी जेवतील तेव्हा सुई.

मी रागावलो. "अक्का, भात चालत नाही तर कावून खातीस?"

"त्यांचं पोट माझ्या तोंडातून भरतंय, काय करू? डॉक्टरला म्हण, माझ्याबिगर जेवतील अशी एखादी गोळी दे."

ती हसली. मी तिला पथ्याचा तक्ता छापून दिला. दाजींच्या ताटाला दुसरं कुणी बसू शकतं, हे मला सुचलं नाही... रविवारी तरी मी बसू शकलो असतो. मधुमेहाच्या डॉक्टरांनी पथ्य का मोडता विचारलं, की ती म्हणायची, "सणवार होते." शेवटच्या वर्षी मूत्रपिंडं निकामी झाली.

गेल्या रविवारी गेलो, तर दाजी एकटेच बसून वरणात भाकरी कुस्करत होते. मला ताट वाढायला उठले. मी नको म्हणालो.

"तिला भात चालत न्हाई, ते मला ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "ती न्हाई म्हनली असती तर मी जेवलो नसतो. ते तिला ठाऊक व्हतं."

त्यांनी भाकरी संपवली. ताटात पाणी ओतून हात धुतला.

"जमतंय की एकट्याला... मंग आधी कावून जमलं न्हाई, अशोकराव?"